शिरेतला घास

मरणोन्मुख रोग्याचे अन्न तुटले की 'त्यांना उपाशी ठेवायचे काय?' असा प्रश्न आप्तेष्टांकडून हटकून निघतो, आणि उत्तरादाखल खाटेशेजारी सलाईनची बाटली टांगली जाते. या प्रश्नामागील माया आदरणीय खरी. परंतु माया अविचारी झाली म्हणजे तिचा भार रोग्यालाच सोसावा लागतो.

त्या बाटलीत असते तरी काय? साध्या सलाईनमध्ये पाणी आणि शेकडा ०.९ मीठ, पोषण शून्य. शेकडा ५ ग्लुकोजच्या एका लिटरात ग्लुकोज ५० ग्रॅम, म्हणजे उष्मांक जेमतेम दोनशे. यास जेवण म्हणणे ही आत्मवंचना होय.

शिरेतून पूर्ण पोषण देण्याची विद्या निराळी. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक प्रभृतींनी ती सिद्ध केली, आणि आतडे निकामी झालेल्या कित्येकांना तिने जीवदान दिले. तिची थोरवी कोण नाकारील? तथापि अखेरच्या दिवसांत देह अन्नाचा उपयोग करावयाचेच सोडून देतो. मग ओतलेले पाणी पायांवर सूज आणि छातीत घरघर होऊन बसते, आणि सुईच्या वाटेने जंतूंचा शिरकाव होतो. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कर्करोगाने अंतास पोचलेल्या १२९ रोग्यांपैकी काहींस रोज एक लिटर, तर इतरांस नावापुरते १०० मिलिलिटर सलाईन दिले होते. त्रासात वा आयुष्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

'हे आपल्या संस्कृतीस शोभत नाही', असा आक्षेप येईलच. परंतु १९८२ साली पवनार येथे अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवणाऱ्या विनोबांस कोणी उपासमारीचे बळी म्हटले नाही. त्यांचा निश्चय स्वेच्छेचा होता, हे मान्य. पण अंतकाळी अन्न सुटणे म्हणजे विटंबना नव्हे, एवढे तरी आपल्या परंपरेस ठाऊक आहे.

मग करावे काय? ओठ ओले ठेवावेत; मागेल तेव्हा, गिळवेल तेवढी चमचाभर पेज भरवावी; वेदना शमवावी; हात हाती घ्यावा. डॉक्टरांनीही नातलगांच्या समाधानासाठी बाटली न टांगता, दोन घटका बसून त्यांची समजूत घालावी. ज्या हाताला सुई टोचावयाची, तो हात आधी कोणीतरी धरावयाचा असतो.