बावळट-निवारक यंत्र

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. गाडी एक, रस्ता एक, शेवटचं स्टेशनही ठरलेलं. तरीसुद्धा त्या दिवशी कुणीतरी दारात वाकून विचारलं असणारच, "अहो, ही ठाण्याला जाते ना?" आणि आधी चढून बसलेल्या कुणीतरी कपाळाला हात लावला असणार.

तेव्हापासून या मार्गावर माणसांचे दोनच वर्ग. विचारणारे आणि कपाळाला हात लावणारे.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या आमच्या सकाळच्या गाडीत दुसऱ्या वर्गाचं बहुमत आहे. त्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांनी विचारणाऱ्यांचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी एक यंत्र योजलं आहे. आकार चष्म्याच्या घराएवढा. समोरच्या माणसावर रोखलं की पडद्यावर शंभरापैकी त्याचा 'बावळटांक' उमटणार. तीसपर्यंत हिरवा दिवा : माणूस नवीन आहे, सोडून द्या. साठपर्यंत पिवळा : यंत्रातून एका बाईचा खणखणीत आवाज येणार, "वर लिहिलंय ते वाचा." त्यापुढे लाल : आवाज तोच, पण तीन भाषांतून आणि सबंध डब्याला ऐकू जाईल असा. नव्वदीच्या वर विजेचा सौम्य झटका. मात्र गर्दीत तो नेमका कुणाला बसेल याची खात्री नसल्यामुळे हे कलम तूर्त स्थगित. यंत्राला वीज लागत नाही. मालकाच्या वैतागावर ते चार्ज होतं, त्यामुळे आमच्या गाडीत ते कधी बंद पडणार नाही. ठाणं येईपर्यंत सातजणांनी मागणी नोंदवलीसुद्धा.

माझा या यंत्राला सक्त विरोध आहे. आम्ही पडलो कॉमर्सवाले. नावे-जमा मांडल्याशिवाय आम्ही छत्रीदेखील घेत नाही. तेव्हा आधी हिशेब मांडू.

"वर लिहिलंय ते वाचा" म्हणे! काय लिहिलंय वर? कसाऱ्याच्या गाडीला 'एन' आणि कर्जतच्या गाडीला 'एस'. कल्याणनंतर एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. म्हणून उत्तरेचा 'एन' आणि दक्षिणेचा 'एस'. इंग्रजी स्पेलिंग बघावं तर 'एस' कसाऱ्यात सापडतो, कर्जतमध्ये औषधालाही नाही. आता नातीच्या बारशाला वासिंदला निघालेल्या आजींनी हे फलाटावर उभ्याउभ्या, तेही होकायंत्राशिवाय, ओळखायचं? त्या शेजारच्याला विचारतात. माझ्या मते आजींचा बावळटांक शून्य. जमेची बाजू ज्याने अक्षरं ठरवली त्याची मोजा.

दुसरी नोंद. माणसाला प्रश्न विचारावाच लागू नये म्हणून यंत्रं याआधीही निघाली आहेत. रेल्वेने तिकिटांची स्वयंचलित यंत्रं बसवली आणि मग त्या यंत्रांपाशी उभं राहून लोकांना तिकिटं काढून द्यायला निवृत्त कर्मचारी नेमले, कमिशनवर. स्वयंचलित म्हणजे काय, तर माणूस खिडकीच्या आतून बाहेर आला.

आमच्या धंद्यातही तेच. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, तेव्हा यंत्र आलं की कारकून जाणार, अशी भीती होती, असं जुने सहकारी सांगत. यंत्र आलं. कारकूनही आहे, हा काय लिहितोय! गेला तो 'चौकशी' अशी पाटी लावून बसलेला माणूस. आता पासबुक छापायला यंत्र आहे, नंबर द्यायला यंत्र आहे, आणि दोन्ही यंत्रांत काय कुठून घालायचं ते दारावरचा वॉचमन सांगतो. खांद्याला बंदूक, हातात चार आजोबांची पासबुकं.

इथवर हसण्यावारी नेता येईल. पुढची रक्कम मोठी आहे.

झिडकारलेला माणूस विचारायचा थांबत नाही. तो दुसरीकडे विचारतो. पेन्शनर काका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं विचारायला येतात. पहिल्या टेबलावर "पलीकडे विचारा", पलीकडे "ॲपवर बघा", आणि रांगेतून एक दीर्घ सुस्कारा. काका घरी जातात. दुपारी फोन वाजतो. "नमस्कार काका, बँकेतून बोलतोय. तुमच्या दाखल्याचं राहिलंय ना? घाई नाही. आधी चष्मा लावा. दिसलं का बटण? सावकाश." इतक्या मायेने बँकेतलं कुणी काकांशी गेल्या दहा वर्षांत बोललेलं नसतं. काका ओटीपी सांगून टाकतात.

म्हणजे बघा, बावळटांक न मोजता कितीही वेळा, कितीही सावकाश समजावून सांगणारी या देशात एकच जमात उरली आहे : भामट्यांची. आणि त्यांच्यापुढे शिकलेसवरलेलेही टिकत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची चीज कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तरी त्या नावाखाली डॉक्टरांनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घालवली. "असं असतं का हो?" एवढंच शेजारी विचारलं असतं तरी पैसे वाचले असते. पण विचारलं तर लोक बावळट म्हणतील ना! पैसे गेल्यावर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करायचा असतो, हेसुद्धा कुणाला तरी विचारूनच कळतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बँकेत, प्रत्येक स्टेशनात दर्शनी जागी एक टेबल, एक खुर्ची, 'चौकशी' अशी पाटी आणि पाटीमागे खरोखरीचा माणूस. खर्च फार नाही. चहा दोन वेळा.

इंजिनिअरसाहेब, तुमचं यंत्र निघालंच तर त्याच्यासोबत माहितीपुस्तक द्याल. बारीक टायपात, अकरा भाषांत. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक ते यंत्र उलटंसुलटं करीत तुमच्याकडे येईल आणि विचारील, "अहो, हे चालू कुठून करायचं?"

त्याच्यावर यंत्र रोखू नका. बटण दाखवा.