कार्ड लिहू देत नाही तेव्हा

तुमसरच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : नणंदेच्या निकाहचे फोटो असलेले मेमरी कार्ड घरच्या उबुंटू संगणकात उघडते, पण त्यात काही टाकता येत नाही, पुसताही येत नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट करून देतो. करू द्यावे का?

आमचे उत्तर : नाही. फॉरमॅटने फोटो जातील. कार्ड उघडते आहे ना? मग आधी सगळे फोटो संगणकावर उतरवून घ्या, त्यातले काही उघडून पाहा. बाकी सारे त्यानंतर.

आता कारण शोधू. मोठ्या कार्डाच्या, किंवा लहान कार्डाच्या अडॅप्टरच्या, डाव्या कडेला एक बारीक खटका असतो. तो ‘लॉक’कडे सरकला की संगणक लिहीत नाही. खटका वर सरकवून कार्ड पुन्हा लावा. अडॅप्टर बदलूनही पाहा. खटका ढिला झाला की आपोआप सरकतो.

दुसरे कारण लिनक्सच्या स्वभावात आहे. ‘इजेक्ट’ न करता कार्ड उपसले किंवा मधेच वीज गेली, की कार्डावरील फाइलींची नोंदवही विस्कटते. लिनक्सला ही गडबड दिसली की नुकसान वाढू नये म्हणून तो लिहिणेच थांबवतो. अशा वेळी परवानग्या बदलून उपयोग नाही. उबुंटूतील ‘डिस्क्स’ उघडा, आकार पाहून कार्ड नीट ओळखा, ते अनमाउंट करा आणि चाकाच्या खुणेतून फाइल सिस्टिमची दुरुस्ती निवडा. दुरुस्तीत एखादी तुटकी फाइल गळू शकते. प्रत आधी घ्यायची ती यासाठीच.

तिसरे कारण, कार्डाचे वय. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. राखीव कप्पे संपले की अनेक कार्डे स्वतःच कुलूप लावून घेतात. खूण अशी : दुरुस्ती ‘झाली’ म्हणते, नको असलेली फाइल पुसलेली दिसते, पण कार्ड काढून लावताच ती परत हजर. यावर इलाज नाही, फॉरमॅटही टिकत नाही. तरी वाचू देते, ही मेहेरबानी समजा.

असे कार्ड कुणाला देऊ नका, विकूही नका. त्यातले फोटो पुसले जात नाहीत, आणि घरच्या लेकी-सुनांचे चेहरे परक्या हाती जातात. प्रत नीट झाल्याची खात्री करून कार्डाचे कात्रीने तुकडे करा.

निकाहचे फोटो ही साऱ्या खानदानाची अमानत आहे. ती एका नखाएवढ्या कार्डावर सोडू नये. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.