शेजारणीची गोळी नको!

केळशीसारख्या गावात नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे गुडघे उतारवयात दुखू लागतात. मग शेजारणीला गुण आलेली गोळीच दुकानातून आणली जाते. ही रीत मोडायला हवी, आणि ती विद्यार्थ्यांनीच मोडावी, असे आमचे मत आहे.

अशा गोळ्यांत डायक्लोफेनॅक हे औषध पुष्कळदा असते. सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात व वेदना तीव्र होते. ही गोळी त्यांची निर्मिती रोखते. पण हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखायला मदत करतात. म्हणजे वेदनेबरोबर हे संरक्षणही कमी होते!

गिधाडांचेच पाहा. डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली व ती हजारोंनी मेली. म्हणून २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही; पण निर्धास्त राहण्याजोगाही नाही.

तेव्हा मित्रांनो, आजीची चिठ्ठी वाचा. मात्रा व दिवस डॉक्टरांनीच ठरवावेत. जठरव्रण, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांना आधी सांगा. त्यांना न विचारता दुसरी वेदनाशामक गोळी जोडीला घेऊ देऊ नका. शौचास काळे झाले, लघवी कमी झाली किंवा छातीत दुखले, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा.

शेजारधर्म म्हणून भाजी द्यावी, गोळी नव्हे.