भाकरीची वेळ विचारली का?

संपादक महोदय,

यंत्रे नाहीत म्हणून खेड्यात चांगले डॉक्टर टिकत नाहीत, असे सांगणारे गेल्या रविवारचे पत्र वाचले. यंत्रे हवीतच. पण पत्रलेखक आपल्याच जिल्ह्यातले, आणि त्यांना जामखेड आठवू नये? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये इथे आले. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच, पाण्याची आणि धान्याची होती; ती त्यांनी ऐकून घेतली. मग गावोगावच्या बायका, कित्येक निरक्षर, बऱ्याचशा दलित, आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा, सगळे शिकल्या. आणि डॉक्टर त्यांच्याकडून गाव शिकले! आरोळे दांपत्याला मिळालेला मॅगसेसे पुरस्कार १९७९ चा, म्हणजे नंतरचा.

आता घरचे सांगतो. माझी मावशी ऊसतोडीला जाते. एका दवाखान्यात चिठ्ठी मिळाली: जेवणानंतर, दिवसातून तीनदा. ती खाते दोनदाच, दुपारी फडात आणि रात्री खोपीवर. तिसऱ्या वेळच्या गोळ्या आठवडाभर पदराच्या गाठीत तशाच. "मावशी, तुम्ही जेवता कधी?" असे तिला कुणी विचारलेच नव्हते.

— एक वाचक, खर्डा (ता. जामखेड)