युवक महोत्सवानंतरची तीस वर्षं

प्रति,
मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई



जिंतूरच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि युवक महोत्सवाला जाणाऱ्या संघाची जबाबदारी सांभाळते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या या महोत्सवाची आमची मुलं वर्षभर वाट बघतात. लोकनृत्य, लावणी, एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय. बाकं भिंतीला सरकवून वर्गातच तालमी होतात. ड्रेपरी परभणीहून भाड्यानं आणायची. येलदरी, चारठाण्याकडची मुलं गावाकडची शेवटची एसटी चुकू नये म्हणून तालीम अर्धी टाकून पळतात आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर असतात. त्यांच्यातली काही खरोखर गुणी असतात. ज्या मुलीनं वर्गात कधी तोंड उघडलं नाही, ती एकांकिकेत आजी होऊन उभी राहते आणि सगळा मांडव तिच्याकडं बघत राहतो.

मला लिहायचंय ते पदवी हातात पडल्यानंतरच्या काळाबद्दल.

आपल्या शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला आता दरमहा ५,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे. तिच्यामुळं आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या कलावंतांच्या औषधपाण्याची सोय झाली. पण विसाव्या वर्षी युवक महोत्सवाचं ढालपदक आणि पन्नाशीनंतर मानधन, यांच्या मधली तीस वर्षं कलावंतानं जगायचं कसं? ज्याला ही तीस वर्षं कलेत काढताच आली नाहीत, तो पन्नासाव्या वर्षी कलावंत म्हणून अर्ज तरी कुठून करणार?

शिकायची सोय नाही, असं मी म्हणणार नाही. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, तिथं नृत्याचीही पदवी घेता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून गेलेले वामन केंद्रे पुढं संचालक झाले. ही नावं मी दरवर्षी मुलांना सांगते. केंद्र सरकारची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपयांची, तीही सांगते. तिला गुरूकडं पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. बापाच्या मागं उभं राहून संबळ शिकलेल्या गोंधळ्याच्या पोरानं तो कागद कसा करायचा, हे सांगणारं तालुक्याला कोणी नाही. आणि हे गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांच्या परभणी जिल्ह्यात.

तरी शिकणं कसंबसं जमतं. शिकून झाल्यावर काम नाही, ही खरी अडचण आहे.

काम म्हणजे मुंबई, असं सगळेच धरून चालतात. परभणीचा अभिनेता संकर्षण कऱ्हाडे तिथं जाऊन नाव कमावतो, याचा आम्हाला अभिमान आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी संभाजीनगरहून मुंबईला गेली, पण ती एकमेकांना धरून गेली. जिंतूरची मुलगी एकटी जाते. जिंतूरला रेल्वे नाही. एसटीनं परभणी गाठायची, रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची. खोलीचं डिपॉझिट, रोजचा प्रवास, ऑडिशनच्या रांगा. त्यातच ‘आधी पोर्टफोलिओचे पैसे भरा, मग मालिकेत घेतो’ असे फोन. खरं काम देणारा नटाकडून पैसे मागत नाही, हे मी मुलांना बजावते, तरी कुणीतरी फसतंच. सोयाबीनला भाव नाही म्हणून आधीच ओढग्रस्तीला आलेल्या घरानं मुलीला ‘नको’ म्हटलं, तर त्या आईबापांना मागासलेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचा विरोध नाचाला नसतो. नाचून पोट भरेल का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि माझ्याकडं उत्तर नसतं. मग वर्षभरात लग्न होतं. मुलगा असेल तर तो पोलीस भरतीला पळायला लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचे डान्स बसवून देतो. तेवढीच त्याची कलेतली कमाई.

राज्य नाट्य स्पर्धा आपण भरवता, परभणी केंद्रावर नाटकं होतात. तिथं नोकरी सांभाळून रात्री तालमी करणारी माणसं पाहिली की त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण स्पर्धेतला तो एक प्रयोग कुणाचं घर चालवू शकत नाही.

आता शेजारी पाहा. कर्नाटक सरकारनं १९८९ मध्ये म्हैसूरला ‘रंगायण’ काढलं. ब. व. कारंत त्याचे पहिले संचालक. नटांना तिथं पगार असतो, वर्षभर तालीम आणि प्रयोग हीच त्यांची नोकरी. पुढं त्याच्या शाखा निघाल्या, एक कलबुर्गीला आहे. कलबुर्गी आणि परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. दुष्काळही सारखा, दारिद्र्यही सारखं. एका जिल्ह्याच्या वाट्याला पगारी रंगमंडळ आलं. मराठवाड्यात शासनाचं असं एकही नाही. शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू तर जिंतूरपेक्षा कितीतरी लहान, सुपारीच्या बागांचं खेडं. तिथं के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’नं १९८० मध्ये नाट्यशाळा काढली आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी उभी केली. शिकून बाहेर पडलेले तरुण नट नाटकं घेऊन कर्नाटकभर गावोगाव जातात.

मराठवाड्यासाठी एक फिरतं रंगमंडळ काढा, ही माझी मागणी आहे. नट, नर्तक, वादक, प्रकाशयोजना करणारे, सगळे तरुण, सगळे पगारी, तीन-तीन वर्षांच्या करारावर. निम्म्या जागा मुलींना. गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर यांच्या घरातल्या मुलांना प्रमाणपत्र न विचारता, काम पाहून घ्या. आलिशान नाट्यगृहासाठी थांबू नका; आमच्याकडं शाळेचं पटांगण आहे, मंगल कार्यालय आहे, बाजारतळ आहे. प्रेक्षकांची काळजी तर अजिबात नको. रात्रभर भारूड ऐकणारी ही गावं आहेत.

दुसरं काम शिक्षण खात्याबरोबर बसून करायचं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं शिक्षण हक्क कायदा २००९ पासून सांगतो. कलाशिक्षण म्हणजे चित्रकला, एवढंच आपण धरून बसलो. त्या जागांवर नाट्य आणि नृत्याचे पदवीधर घ्यायला लावा. शाळेचं मानधन हे काही पूर्ण उत्पन्न नव्हे. पण जिंतुरात राहून, आईबापांच्या डोळ्यांसमोर, कलेवर चार पैसे मिळवणारी एक मुलगी दिसली, तर पुढच्या दहा घरांतलं बोलणं बदलेल. मुंबईला जायचं त्यांनी जरूर जावं, फक्त दुसरा रस्ताच नाही म्हणून जाऊ नये.

पदवीचे निकाल जून-जुलैच्या सुमारास लागतात. आमच्या यंदाच्या संघातले काही जण तेव्हा बाहेर पडतील. रंगमंडळाला वेळ लागेल, हे मला कळतं. पण निदेशकांच्या जागांबाबत शिक्षण खात्याला पत्र निकालाआधी जाऊ शकतं. ते पाठवावं, आणि रंगमंडळाची चर्चा सुरू होईल तेव्हा मुंबईबरोबर परभणीतही एक बैठक घ्यावी. जिंतूरची मुलं मी घेऊन येईन. त्यांचं म्हणणं आपण त्यांच्याच तोंडून ऐकावं.

आपली,
जिंतूरची एक प्राध्यापिका