प्रवेश कागदावर नको, वर्गात हवा

तुमचा मुलगा किंवा मुलगी यंदा अकरावी सायन्सला जाणार असेल, तर फी भरण्याआधी एक काम करा. ज्या कॉलेजात नाव टाकायचं आहे, तिथे स्वतः जाऊन या.

ऑफिसच्या खिडकीवरूनच परतू नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. ब्युरेट, सूक्ष्मदर्शक रोजच्या वापरातले दिसतात की कपाटात कुलूपबंद आहेत, ते पाहा. बाहेर पडताना तिथल्या दोन मुलांना विचारा: मागच्या महिन्यात प्रॅक्टिकल किती झाले? फिजिक्स कोण शिकवतं? ते सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर? तासिकेवरचे शिक्षकही जीव ओतून शिकवतात. पण दिवाळीनंतर ते दुसरीकडे गेले आणि जागा रिकामी राहिली, तर नुकसान तुमच्या मुलाचं होतं.

हे सांगण्याचं कारण आहे. आता एक रीतच पडली आहे. नाव आपल्या भागातल्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात आणि मूल नागपुरात किंवा लातुरात दिवसभर क्लासला. कॉलेजचं तोंड पाहायचं ते थेट परीक्षेच्या वेळी. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ असं कोणी म्हटलं की बऱ्याच आईवडिलांना बरं वाटतं. मला त्याची काळजी वाटते. बोर्डाचा नियम 75 टक्के हजेरीचा आहे. तो कडक लावला गेला, तर परीक्षेला बसता येणार नाही ते तुमच्या मुलाला, क्लासवाल्याला नाही.

दुसरं नुकसान उशिरा कळतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या विषयांत 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे. ते 30 गुण बहुतेकांना मिळून जातात, पण हात तयार झालेला नसतो. पुढे बीएस्सीला किंवा बीफार्मला पिपेट हातात आली की मूल गांगरतं. मग पहिल्याच सत्रात विषय राहतो.

क्लास लावूच नका, असं माझं म्हणणं नाही. कॉलेज करून संध्याकाळी एखाद्या विषयाचा क्लास लावा. पण दोन वर्षांच्या फीसाठी वावर गहाण टाकू नका. कापसाच्या भावाचा भरवसा नाही आणि नीटच्या निकालाचाही नाही.

आता विषयांचं बोलू. इथे सगळ्यात जास्त घाई होते. ‘गणित जड जातं, सोडून टाक’ असं दहावीच्या सुट्टीतच ठरतं. थोडं थांबा. गणित सोडलं की अभियांत्रिकी गेली, फिजिक्स किंवा गणितातली बीएस्सी अवघड झाली, संख्याशास्त्रही हातचं गेलं. बायोलॉजी सोडली तर वैद्यकीय, बीएस्सी नर्सिंग यांचे सरळ रस्ते बंद होतात. बीफार्मला मात्र दोन्हींपैकी एक चालतं. मुलाचं अजून ठरलं नसेल आणि त्याला झेपत असेल, तर निदान अकरावीला दोन्ही ठेवा. बायफोकलला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये गुण चांगले पडतात, हे खरं. पण ते घेताना कोणता विषय सुटतो आहे, ते कॉलेजकडून लिहून घ्या.

अभियांत्रिकीचा विचार असेल, तर सीईटीचा हिशेब मुलाला समजावून द्या. एकूण 200 गुण. फिजिक्सचे 50, केमिस्ट्रीचे 50, पण गणिताचे 100. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात. तेव्हा अकरावी ही आरामाची नाही. आणि सीईटी चांगली गेली म्हणून बारावी सोडून चालत नाही. प्रवेशाला बारावीच्या फिजिक्स, गणित आणि तिसऱ्या विषयात मिळून 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40. नीटवाल्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून 50 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. गुण कमी पडले तर वर्ष गेलं म्हणून रडत बसू नका. बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. तिच्यात परत बसता येतं आणि आधीचे गुण हातचे जात नाहीत.

आणि बीएस्सी. ‘कुठेच नंबर लागला नाही म्हणून बीएस्सी’ हे वाक्य आपल्या घरात तरी कोणी बोलू नये. मुलाच्या कानावर ते पडलं, की ते पहिल्या दिवसापासून हरल्यासारखं वागतं. नागपूर विद्यापीठ 1923 सालचं. वर्ध्यात शिक्षा मंडळाचं जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय 1962 पासून आहे. मूल घरी राहून, घरचं जेवून, तीन वर्षं मन लावून शिकू शकतं. बीएस्सीनंतर ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. त्यात चांगला क्रमांक आला तर एमएस्सीसाठी थेट आयआयटीत जाता येतं. बारावीला 60 टक्के असलेलं मूलही त्या रस्त्याने वर येऊ शकतं. अट एवढीच की विषय आवडीचा हवा आणि एटीकेटी साचू द्यायची नाही. बारावी बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात असलेल्या मुलाने मूलभूत विज्ञानाची बीएस्सी घेतली, तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचाही अर्ज भरून ठेवा.

ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरताना कॉलेजांचा क्रम मनापासून लावा. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून कोणतंही कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. अभियांत्रिकीला पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की तोच पक्का धरला जातो. कोणी ‘मान्यता येणारच आहे’ म्हणालं तर तिथे पैसे भरू नका. अभियांत्रिकीला एआयसीटीईची आणि फार्मसीला फार्मसी कौन्सिलची मान्यता आधीच असावी लागते. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली असते. तीच भरा आणि पावती घ्या.

खर्चाचं म्हणाल तर समुद्रपूर, कारंजा, आष्टीच्या मुलींनी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास काढावा. मुलांना पासात मोठी सवलत आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने भरावे लागतात. मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळत नाही.

शेवटी कागदपत्रं. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. निकालानंतर पळापळ करून ते वेळेत हाती येईलच असं नाही, आणि मिळालेली जागा केवळ त्यापायी जाते. पुरावे जुने लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 पूर्वीचे, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचे. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, तहसीलमधली कोतवाल बुकाची नक्कल, जे मिळेल ते शोधायला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर हेही याच सुट्टीत काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागण्याआधी तुमची फाइल तयार असू द्या.