गोळी चुकली की पुरवठा चुकला?

एचआयव्हीचा विषाणू औषधाला दाद देईनासा झाला की एआरटी केंद्रावर रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जातो, 'गोळ्या चुकवल्या का?' प्रश्न योग्य आहे. पण गोळी कशामुळे चुकली, हे क्वचितच विचारले जाते. सगळा दोष रुग्णाच्या माथी मारून व्यवस्था मोकळी होते. आमचा आक्षेप यालाच आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ. एचआयव्ही शरीरात अतिशय वेगाने आपल्या नकला काढतो आणि या नकलांत सतत चुका होतात. म्हणूनच तीन औषधे एकत्र दिली जातात. एका औषधातून निसटलेला विषाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. उपचार अखंड चालला तर नकलाच थांबतात. तो तुटक झाला की औषधाला पुरून उरणारे विषाणू वाढतात. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेंझ या जुन्या औषधांना निष्प्रभ करायला एक जनुकीय बदलही पुरतो. ही औषधे रक्तात जास्त दिवस रेंगाळतात. त्यामुळे गोळ्या अचानक बंद झाल्या की विषाणूसमोर तेच एकटे औषध उरते आणि प्रतिरोधाला वाट मिळते.

भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. या औषधांनी लाखो जीव वाचवले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी व्हायरल लोड तपासणी सर्व रुग्णांसाठी राष्ट्रीय पातळीवर सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. तोवर भिस्त मुख्यतः सीडी-फोर पेशींच्या मोजणीवर होती. या पेशी घटेपर्यंत उपचार कधीच निष्फळ ठरलेला असतो आणि रुग्ण तेच औषध घेत राहतो.

डोल्युटेग्राव्हिर आल्यावर चित्र सुधारले. या औषधाविरुद्ध प्रतिरोध सहजासहजी तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला पहिली पसंती दिली आणि भारतानेही ते स्वीकारले. पण संघटनेच्याच २०२४ च्या अहवालात काही देशांच्या सर्वेक्षणांत या औषधाविरुद्धचा प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के आढळल्याची नोंद आहे. व्हायरल लोड जास्त असतानाच ज्या जुन्या रुग्णांना या औषधावर आणले गेले, त्यांच्यात तो १९.६ टक्क्यांपर्यंत पोहोचला. औषध नवे आले, तरी तपासणी आणि पुरवठा जुन्याच चालीने चालला तर तेही हातचे जाईल.

पुरवठ्याचा अनुभव ताजा आहे. जुलै २०२२ मध्ये एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरून बसले. महिनाभराच्या गोळ्यांऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या हातात पडत आहेत, ही त्यांची तक्रार होती. सरकारने देशव्यापी तुटवडा नाकारला. धरणे मात्र महिन्याहून अधिक काळ चालले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा वेळी चुकलेल्या गोळीचा हिशेब रुग्णाकडे कसा मागायचा?

कायद्यातही पळवाट आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यातील कलम १४ सांगते की सरकारने तपासणी आणि एआरटी 'शक्य तितपत' पुरवावी. रुग्ण संघटनांनी या दोन शब्दांना विरोध केला होता, तरी ते कायम राहिले.

मग राहतो तो कष्टकऱ्याचा संसार. ऊसतोडीला निघालेले जोडपे सहा महिने गावाबाहेर असते. नाक्यावरच्या मजुराला केंद्रावर जायचे म्हणजे दिवसाची मजुरी सोडावी लागते. दहा जणांच्या खोलीत गोळीची डबी लपवावी लागते. इथे गोळी चुकते ती बेफिकिरीने नव्हे, गरिबीने आणि कलंकाच्या भीतीने.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक केंद्रात काही महिन्यांचा राखीव साठा हवा. स्थिर रुग्णाला, विशेषतः स्थलांतरित मजुराला, एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. व्हायरल लोडचा निकाल वेळेत यावा आणि उपचार निष्फळ ठरलेल्यांना प्रतिरोधाची चाचणी मोफत मिळावी. 'शक्य तितपत' हे शब्द कायद्यातून जावेत.

आपल्या वस्तीत कुणी हे औषध घेत असेल तर त्याला प्रवचन देऊ नका. केंद्रापर्यंत सोबत जा आणि त्याची गोष्ट गुप्त ठेवा. गोळी वेळेवर घेणे ही रुग्णाची जबाबदारी आहेच. ती वेळेवर त्याच्या हातात पडणे ही सरकारची आहे.